सखीच्या खणातल्या गोचिडी

आमच्या गावच्या माणसाने मुंबईचं प्रवासवर्णन लिहायला घेणं हा आगाऊपणाच आहे, आणि त्याबद्दल मी आधी माफी मागतो. गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिकडे आहे. गणपतीत ती माणसं येतात तेव्हा मुंबई इथेच अंगणात येऊन बसते. शिवाय मी काही लेखक नाही. घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला, त्यामुळे कुठेही काही लिहून द्यायचं असलं की घरचे माझ्याकडे बघतात आणि मी खिडकीबाहेर बघतो. वाचनालयाच्या अंकाचं काम बघणाऱ्या गुरुजींनी मात्र दोनदा निरोप पाठवला. मी त्यांना म्हटलं, माझ्या प्रवासात बघण्यासारखं काही नव्हतं, मी गोचिडी शोधत फिरत होतो. ते म्हणाले, मुंबईला नोकरीसाठी गेलेले खूप झाले, गोचिडींसाठी गेलेला तू पहिलाच, तेवढंच लिही. म्हणून तेवढंच लिहितो.

चारकोप

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतो आहे. पहिलं वर्ष झालं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अंधेरीला मरोळच्या एका प्रयोगशाळेत प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. तिथल्या मॅडम दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी ठेवून घेतात. अट एकच, की प्रश्न विद्यार्थ्याचा स्वतःचा हवा आणि तो सोडवण्यासारखा हवा. इकडे दादाने कुडाळच्या काजूच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. निघताना तो म्हणाला, मुंबईचं जमलं तर बरं, नाही जमलं तर जूनपासून कारखान्यात ये, उगाच वर्ष फुकट घालवू नको. तो चिडून बोलला नव्हता, म्हणूनच ते जास्त लक्षात राहिलं.

राहायला चारकोपला मामाकडे होतो. सेक्टरमधली बैठी घरं, पुढे एवढंसं अंगण, त्यात कुंडीत लावलेली केळ. मामीने पहिल्या दिवशी बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि मी नेलेली कोकमं बघून ती इतकी खूश झाली, की लगेच शेजारी वाटायला निघाली. आपल्याकडे शेजारी जाताना कुणी विचारत नाही. इथे तिने आधी फोन केला, मग पिशवी घेतली, मग बेल वाजवली. मधे एक भिंत होती फक्त.

मी काय शिकतो हे मामाला सांगणं कठीण गेलं. "गोचीड म्हातारी कशी होते ते बघायचं," एवढं म्हटल्यावर तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "तिला विचार ना, मेल्या. कंबर दुखते का म्हणून."

मरोळ

चारकोपहून मेट्रोने अंधेरी, तिथे गाडी बदलून मरोळ. प्रयोगशाळा कारखान्यांच्या वसाहतीत आहे. खालच्या मजल्यावर चेन बनवतात, म्हणजे पँटला लावतात ती, आणि दिवसभर त्या मशीनचा आवाज जमिनीतून पायात येतो. मला पहिले काही दिवस वाटायचं की मीच थरथरतोय.

तिथे माझ्याबरोबर रिद्धी होती. बोरिवलीची, माझ्यापेक्षा वर्षाने पुढे, प्रबंध संपत आलेली. मी तिला अहोजाहो केलं तर ती म्हणाली, "ए, मी काय तुझी मावशी आहे का? रिद्धी म्हण." मला ते जमायला आठवडा लागला.

आता विषय थोडा सांगायला हवा. आपल्या गाईच्या कानात असते ती गोचीड कडक पाठीची. ती मोठी झाल्यावर एकदाच पोटभर रक्त पिते, टम्म फुगून खाली पडते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. तिचं म्हातारपण असं नसतंच, जेवण झालं की आयुष्य संपलं. दुसरी जात मऊ पाठीची. ती कोंबड्यांच्या, कबुतरांच्या खुराड्यात फटींमधून राहते. रात्री बाहेर येऊन थोडं रक्त पिते, परत फटीत जाते, आणि पुढचं जेवण मिळेपर्यंत थांबते. महिना थांबते, वर्ष थांबते, पक्षी गेले तर कित्येक वर्षंही थांबते. मॅडमचा प्रश्न असा, की थांबलेल्या त्या काळात तिचं वय वाढतं का? की उपाशी असताना वयही फटीत जाऊन बसतं?

हे बाहेरून बघून कळत नाही. गोचिडीला ना सुरकुत्या, ना पिकलेले केस. ते तिच्या जनुकांवरून बघायचं. मॅडमनी मला ते असं समजावलं: जनुकं म्हणजे घरातली भांडी. तरुण असो की म्हातारी, मांडणीवर सगळ्यांकडे तीच भांडी. पण मोरीत आज काय पडलंय ते बघितलं, तर घरात काय शिजलं ते कळतं. शरीराची डागडुजी करणारी जनुकं चालू आहेत की बंद, हे तसं त्या ओल्या भांड्यांवरून ओळखायचं. फक्त गोचीड जिवंत हवी. मेलेल्या गोचिडीची मोरी थोड्या वेळात कुणीतरी घासून लख्ख करून ठेवतं, मग काही कळत नाही.

मला हे इतकं आवडलं की मी धीर करून म्हटलं, मला यावरच काम करायचंय. मॅडम म्हणाल्या, कर. आमच्याकडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या आहेत, त्या काही महिन्यांच्या उपाशी आहेत. तुलनेसाठी वर्षानुवर्षं उपाशी असलेल्या हव्यात, आणि कधीपासून उपाशी ते नक्की सांगणारं कुणीतरी हवं. त्या आण. वर्षं काही आपल्याला इथे तयार करता येत नाहीत.

म्हणजे मला असं खुराडं हवं होतं, जिथले पक्षी जाऊन वर्षं झाली आहेत आणि ते कधी गेले हे कुणाच्या तरी लक्षात आहे. मुंबईत जागा रिकामी पडून राहत नाही, हे सांगायला कुणी लागत नाही. मी मरोळ गावठाणात फिरलो, मुलुंडला जाऊन आलो. कुठे खुराड्याच्या जागी पाण्याची टाकी आली होती, कुठे भाडेकरू.

जुहू, आणि बोरिवलीचं जेवण

मधल्या एका संध्याकाळी रिद्धी मला जुहूला घेऊन गेली, फिरायला नव्हे, कुत्र्यांच्या गोचिडी गोळा करायला. तिच्या कामासाठी कडक पाठीच्या लागत होत्या. किनाऱ्यावरची कुत्री वाळूत खड्डे करून झोपलेली असतात. मी घरी गुरांच्या गोचिडी काढलेल्या, त्यामुळे चिमट्याने तोंडाशी धरून सरळ ओढायचं मला जमतं. रिद्धी कुत्र्याचं डोकं खाजवायची, मी कानातून गोचिडी काढायचो. भेळवाल्याने थोडा वेळ बघितलं आणि मग स्वतःचं लाडकं कुत्रं आणून समोर बसवलं. त्याचं झाल्यावर त्याने आम्हाला भेळ दिली. चांगली होती, पण हात तीनदा धुतल्याशिवाय मी खाल्ली नाही आणि रिद्धीने एकदाही न धुता खाल्ली.

मला तिथे एक गोष्ट नवी वाटली. एवढी माणसं समुद्राकडे तोंड करून नुसती बसलेली होती. आपल्याकडे समुद्रावर माणूस जातो ते जाळं ओढायला नाहीतर मासळी आणायला. काम नसताना समुद्राकडे बघत बसलेला माणूस दिसला, तर आपण घरी काही झालं का विचारू.

रविवारी रिद्धीने बोरिवलीला घरी जेवायला बोलावलं. तिच्या आईने दारातच आम्हा दोघांना कपडे झटकायला गॅलरीत पाठवलं आणि मग वरणभात, तूप, बटाट्याची भाजी, जिलबी असं वाढलं. तिच्या बाबांनी माझे वडील काय करतात विचारलं. माडावर चढतात, नारळ काढतात, असं मी सांगितलं. ते हो हो म्हणाले, आणि थोड्या वेळाने अगदी मनापासून विचारलं, की गोचिडींचं म्हातारपण कळून पुढे नोकरी कुठे मिळते. रिद्धी म्हणाली, "बाबा, तुम्ही बँकेत काय करता ते मला अजून कळलं नाहीये. पण जाता ना रोज?"

जेवण उत्तम झालं. तरी परत येताना मेट्रोत मला तोच प्रश्न आठवत राहिला, कारण तो दादाचाही होता.

घाटकोपर

खुराडं शेवटी मामाने मिळवून दिलं. आपल्या पंचक्रोशीच्या मुंबई मंडळात त्याने विचारलं, आणि कुणीतरी म्हणालं, अरे, कबूतरवाले परब. शेजारच्याच गावचे, गिरणीत होते, आता घाटकोपरच्या डोंगरावर राहतात. छपरावर त्यांची कबुतरं होती, आता नाहीत. मामाने लगेच फोन केला आणि सांगितलं, कॉलेजचा मुलगा तुमचं खुराडं बघायला येतोय. मी ऐकत होतो. मला ते छानच वाटलं.

रिद्धी माझ्याबरोबर आली. मेट्रो घाटकोपरला सोडते, पुढे रिक्षा चढावाच्या मध्यावर सोडते, आणि पुढचा डोंगर स्वतः चढायचा असतो. पायऱ्या, दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारात निळं पिंप. ओळखीचा तव्यावरच्या सुक्या सोड्यांचा वास आला तेव्हा घर जवळ आलं हे कळलं.

परबआजी दारातच उभ्या होत्या, नवी साडी नेसून. मी पाया पडलो, उकड्या तांदळाची पिशवी दिली. परबआजोबा आत बाकड्यावर आडवे होते, ते उठून बसले. माझ्या आजोबांचं नाव, वाडीचं नाव, देवळाकडून डावीकडे की उजवीकडे, हे सगळं विचारून झालं. चहा आला. मग आजी म्हणाल्या, चल, खुराडा दाखवतंय.

शिडीवरून छपरावर गेलो. मोठं खुराडं कधीच मोडलेलं होतं, पण त्यातला एक भाग, जाळीच्या दाराचा, अजून कोपऱ्यात होता. तो ओला होता. राकेलचा वास येत होता. फटीसुद्धा काडीने कोरून काढल्यासारख्या स्वच्छ होत्या.

"पावणो येतलो म्हटल्यार घाण दाखवूची?" आजी म्हणाल्या. "काल उकळता पाणी वतलंय, मगे राकेल मारलंय. आता बघ, एक ढेकूण गावाचो नाय."

त्यांनी पदराआडून लोणच्याची रिकामी बरणी काढली. मला बघायचे असतील म्हणून मेलेले सगळे त्यांनी तिच्यात भरून ठेवले होते. ढेकूण नव्हते ते. चपटे, राखाडी, चिंचोक्याच्या सालीसारखे. मला हव्या होत्या त्या सगळ्या गोचिडी त्या बरणीत उकडलेल्या होत्या.

रिद्धी माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, "वाट लागली रे."

मी आजींना काय म्हणणार? आपल्याकडेही पाहुणा येणार म्हटलं की आई अंगण सारवते, आणि तो पाहुणा शेणमातीचा अभ्यास करायला आला असला तरी सारवेलच. मी बरणी घेतली आणि छान झालं म्हटलं. रिद्धीला मात्र राहवलं नाही. खाली आल्यावर तिने आजोबांना सांगून टाकलं, की आम्हाला त्या जिवंत हव्या होत्या.

आजोबांनी आजींकडे बघितलं. "हिका काय सांगतंस? हिना देवाकव गरम पाण्यान धुतल्यान असतो."

आजी आत जाऊन उगाचच भांडी लावू लागल्या आणि मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. जून समोर दिसायला लागला होता.

उठायचं कसं हे न कळून मी आजोबांना कबुतरांबद्दल विचारलं. ते पाठ खाजवत सांगू लागले. सगळ्यांत सखी नावाची पांढरी मादी. खुराड्यात तिचा खण ठरलेला, तिथे दुसरं कुणी बसलं तर चोचीने हाकलायची. लॉकडाऊन लागला, दाणे मिळेनात, तेव्हा त्यांनी सगळी कबुतरं मुलुंडच्या एका मित्राला दिली. त्याच्याकडे कसं कोण जाणे, धान्य होतं. मग खुराडं मोडलं. जळाऊ म्हणून फळ्या द्यायला जीव होईना.

"मगे ह्या केलंय," म्हणून त्यांनी बाकड्यावर थाप मारली. "सखीचो खण हय असा. माझ्या डोक्याखाली."

मी आणि रिद्धीने एकदम एकमेकांकडे बघितलं. मग मी जमिनीवर उताणा झोपलो आणि मोबाइलचा उजेड बाकड्याखाली टाकला. वरून ते रोज पुसलं जात होतं, पण खालून जुन्याच फळ्या होत्या, खिळ्यांच्या जुन्या भोकांसकट. दोन फळ्यांच्या सांध्यात, आत खोल, चपट्या कडा दिसल्या. ओळीने, एकीला एक लागून. हलत नव्हत्या.

जिवंत आहे का बघायला गोचिडीवर श्वास सोडतात. श्वास आला म्हणजे जनावर जवळ आलं असं तिला वाटतं आणि ती पाय हलवते. मी श्वास सोडला. काही नाही. परत सोडला, धूळ माझ्याच डोळ्यात गेली.

"सरक," आजोबा म्हणाले. ते गुडघ्यावर आले, मग कोपरावर, मग माझ्या शेजारी आडवे झाले. चुलीत फुंकर घालतात तशी नव्हे, आरशावर घालतात तशी त्यांनी हळू हाऽ केली. आम्ही वाट बघितली. मग एका कडेतून एक पाय बाहेर आला, हवेत काहीतरी शोधू लागला, आणि मागोमाग शेजारणीचा.

"असत रे," आजोबा म्हणाले.

आजी भांडी सोडून आल्या होत्या. त्यांनाही बघायचं होतं, पण खाली झोपणं जमेना, म्हणून रिद्धीने मोबाइलवर दाखवलं.

मी मऊ कुंचल्याने त्यांना एकेक करून कुपीत घेतलं. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच होत्या. आता तारखेचा प्रश्न होता. कबुतरं शेवटची कधी होती, एवढं मी विचारलं आणि पुढचा अर्धा तास मला काही विचारावं लागलं नाही. आजोबा म्हणाले, लॉकडाऊनात दिली, संपलं. आजी म्हणाल्या, संपला कसा? सखी परत इली ना. कबूतर दिलं तरी घर विसरत नाही. मुलुंडहून ती उडून आपल्या खणात येऊन बसली. आजोबांनी परत पोचवली, परत आली.

"तिसऱ्यांदाव इल्ली," आजोबा म्हणाले.

"तिसऱ्यांदा तुमका सपान पडला."

"मी दाणे घातलंय तिका!"

"सपनात घातलास."

शेवटी गणपतीवर आलो. ज्या वर्षी मिरवणूक नव्हती आणि गणपती दारातल्या पिंपात विसर्जन केला, त्या दिवशी सखी खुराड्यावर होती आणि मोदकाचा तुकडा तिने खाल्ला, हे दोघांनाही मान्य होतं. नंतर ती दिसली नाही. दिवाळीच्या फराळाला बसायला हे बाकडं होतं, हेही मान्य झालं. म्हणजे गणपती ते दिवाळी, त्याच्या आत. तिसरी खेप झाली असेल तर याच्या आतच. त्यानंतर घरात कबूतर नाही. खिडकीला जाळी आहे, ती आजींनी मांजरांसाठी लावलेली.

आजोबा पुन्हा पाठ खाजवू लागले. मला ते आता दिसलं.

"आजोबा, कायतरी चावता काय?" मी विचारलं.

"दुपारचो पडलंय की चावता."

"तेंका सगळाच चावता," आजी म्हणाल्या. "माझा बोलणाव चावता."

निघताना आजोबा पायऱ्यांच्या वळणापर्यंत आले आणि म्हणाले, "काय गावला ता माका सांग." मी सांगतो म्हटलं.

परत मरोळ

मेट्रोच्या तपासणीत कुपी सापडली. तिथल्या बाईंनी हे काय म्हणून विचारलं आणि मी दुसरं काही न सुचून खरं सांगितलं. त्या लांब झाल्या, मग जवळ येऊन बघितलं. त्यांच्या माहेरी बैलांना असतात म्हणाल्या, पण अशा चपट्या नसतात. जिवंत आहेत का, उघडणार नाहीस ना, असं दोनदा विचारलं आणि सोडलं. गाडीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही, कारण रिद्धी मोठ्या आवाजात फोनवर तिच्या आईला सगळं सांगत होती.

मॅडमना कुपी दिली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी तारखेचं विचारलं, ते मी सांगितलं. रानकबुतरं येत होती का, ते विचारलं, जाळीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग छान, सुरू करू.

मी म्हटलं, "मॅडम, त्या बाकड्यावर एक आजोबा रोज झोपतात. आणि त्यांना चावतं."

रिद्धीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण ते सांगितल्याशिवाय चालणार नव्हतं. या गोचिडी माणसालाही चावतात. त्या आजोबांचं रक्त पीत असतील तर त्या उपाशी नव्हत्याच, आणि मग सगळी वर्षं खोटी.

मॅडमनी कुपी उजेडात धरली. मग म्हणाल्या, आधी पोटात कोणाचं रक्त आहे ते बघावं लागेल. त्यासाठी एकदोन गोचिडी द्याव्या लागतील, ती तपासणी बाहेरून करून घ्यावी लागेल, वेळ जाईल. माणसाचं अलीकडे प्यायल्या असतील तर ते ठळक दिसेल. कबुतराचं इतक्या वर्षांनी दिसलं तर फिकटच दिसेल, नाहीतर दिसणारही नाही. ते आल्याशिवाय तुला ठेवून घेते असं मी म्हणू शकत नाही.

बाहेर आल्यावर रिद्धी म्हणाली, "तू कशाला बोललास ना यार?" चहा होईपर्यंत ती रागावली होती. चहा झाल्यावर म्हणाली, "मी पण बोलले असते. पण उद्या बोलले असते."

प्रशिक्षण संपलं तरी निकाल आला नव्हता. मामीने डब्यात चिवडा भरून दिला आणि मी गावी परतलो.

घरी

घरी येऊन मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याच्या फटीत फुंकर घातली. आईला वाटलं, तिकडचं काहीतरी शिकून आलो. फटीत काही नव्हतं. आईने आदल्याच आठवड्यात खुराडं धुतलं होतं.

दादाने दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, कारखानावाले सोमवारपर्यंत थांबतील. मी त्याला सगळं सांगितलं, बाकड्याचं, आजोबांच्या पाठीचं. तो नारळ सोलत ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे तुझं सगळं त्या म्हाताऱ्याला काय चावतं त्यावर आहे?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग ते ढेकूण असूदेत," आणि पुढचा नारळ घेतला. तेव्हा मला कळलं की त्यालाही मी जावं असं वाटतंय.

सोमवार गेला. दादाने कारखानावाल्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. आमच्या घरात मोबाइलला नीट रेंज फक्त विहिरीपाशी येते, तिथे मी दिवसातून बऱ्याचदा पाणी काढायला जायला लागलो. आईने सगळी भांडी भरून घेतली, मग म्हणाली, आता पुरे.

मॅडमचा संदेश दुपारी आला, मी विहिरीपाशी राजूवर हात टेकून उभा होतो, म्हणजे आमच्या बैलावर. माणसाचं रक्त तपासलेल्या कुठल्याच गोचिडीत नाही. कबुतराचं आहे, फिकट, पण नक्की. उरलेल्यांतल्या दोघींना काल प्यायला दिलं, प्यायल्या, चालतायत; बाकीच्या तुझ्या कामासाठी तशाच उपाशी ठेवल्यात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ये.

मी दोनदा वाचलं. दादा माडावर होता, त्याला खालून ओरडून सांगितलं. तो वरून म्हणाला, ऐकू येत नाही. मी परत ओरडलो. तो म्हणाला, ऐकू आलं मघाशीच.

मग परबआजोबांना फोन लावला, सांगतो म्हटलं होतं म्हणून. तुम्हाला गोचिडी चावत नव्हत्या, त्यांच्या पोटात अजून कबुतराचंच रक्त होतं, इतकी वर्षं, असं मी त्यांना समजेल तसं सांगितलं. मागून आजींचा आवाज आला, की तरी मी सांगत होते, घामोळं आहे ते.

फोन तुटला असं वाटून मी विहिरीच्या दुसऱ्या बाजूला गेलो.

"खयच्या कबुतराचा, ता कळता?" त्यांनी विचारलं.

"नाय आजोबा. तितका कळना नाय."

"मगे सखीचाच," ते म्हणाले. "त्या खणात ती दुसऱ्या कोणाक बसाक देय नाय."